मान हलती ठेवण्याचा हट्ट

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे खांदेमळणी असते. वर्षभर जू घासून बैलाच्या मानेवर जिथे घट्टा पडलेला असतो, तिथे हळद आणि लोणी चोळायचे. आमच्या घरात हे काम थोरल्या भावाचे, नानाचे. मागच्या वर्षी त्याने लोण्याची वाटी माझ्या हातात दिली आणि म्हणाला, “तूच कर. माले समजत नही, बोटं सेत का नहीत.”

नाना एकसष्ट वर्षांचा. पस्तीस वर्षे मार्केट यार्डात हमाली केली. सदऱ्याची गुंडी लागत नाही, चहाच्या टपरीवर सुट्टे पैसे बोटांतून निसटतात, चालताना पायातली चप्पल मागे राहून जाते आणि ते कळतही नाही, हे सगळे त्याआधी वर्षभर चालू होते. एकाने साखरेमुळे नसा गेल्या म्हणून सांगितले, एकाने जीवनसत्त्वाची इंजेक्शने दिली. तिसऱ्याने एक्स-रे उजेडापुढे धरून आपल्याकडे सर्वांना पाठ असलेले वाक्य उच्चारले, “मणक्यात गॅप आहे.” शेवटी एमआरआय झाला. मानेच्या चौथ्या मणक्यापासून सातव्यापर्यंत तीन ठिकाणी मज्जारज्जू दाबला गेला होता आणि एका ठिकाणी त्याच्या आत पांढरा डाग दिसत होता.

रिपोर्ट घेऊन आम्ही मोठ्या शहरातल्या एका खाजगी रुग्णालयात गेलो. सर्जनने पाच मिनिटांत तपासले, शस्त्रक्रिया लवकर करायला हवी म्हणाले. ते बरोबरच होते, हे पुढेच सांगून टाकतो. त्यानंतर आम्हाला एका वेगळ्या खोलीत बसवले. तिथल्या बाईंनी प्लास्टिकचा मणका टेबलावर ठेवला. त्यात दोन मणक्यांच्या मध्ये बोटाच्या पेराएवढी चकचकीत चकती होती आणि बोटाने ढकलली की वरचा मणका डुलायचा. त्या म्हणाल्या, फ्यूजन केले तर मान गोठते, ही चकती बसवली तर मान हलती राहते. दोन जागी चकती आणि एका जागी फ्यूजन असा त्यांचा प्रस्ताव होता. साध्या फ्यूजनच्या आणि या प्रस्तावाच्या खर्चात जे अंतर होते, ते भरून काढायला आमची एक एकर कोरडवाहू जमीन विकावी लागली असती. नानाचा मुलगा जमीन विकायला तयार होता. “मान गोठते” हा शब्द त्याच्या जिवाला लागला होता.

विचार करायला पंधरा दिवस मिळाले. हा लेख त्या पंधरा दिवसांत वाचायला सुरुवात केलेल्या आणि पुढे वर्षभर वाचत राहिलेल्या कागदांविषयी आहे.

मी डॉक्टर नाही. बी.कॉम. करून झेरॉक्सचे दुकान टाकले आणि फावल्या वेळात खानदेशातले शिलालेख वाचायला शिकलो. चाळीसगावपासून जवळच पाटणला भास्कराचार्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा, तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख आहे. तो प्रथम उजेडात आणणारे भाऊ दाजी लाड हे पेशाने डॉक्टर होते, हा एक योगायोग. शिलालेख वाचताना पहिली सवय ही लागते की मजकुरात काय लिहिले आहे ते पाहण्याबरोबर दगड कोणी कोरून घेतला आणि दान कोणाच्या खर्चाने झाले तेही पाहायचे. वैद्यकातले शोधनिबंध वाचायला मला याहून वेगळे हत्यार लागले नाही. इंग्रजी मात्र शब्दकोश घेऊन वाचावे लागले.

आधी त्या ‘गॅप’चे. मराठी माणसाच्या मणक्यात गॅप पडतो, गादी सरकते, नस दबते, आणि हे तिन्ही शब्द आपण एकाच आजारासाठी वापरतो. खरे तर झिजलेल्या मणक्यांमधली जागा कमी झालेली असते. गादी सुकते, चपटी होते, कडेला हाडाचे काटे वाढतात. एक्स-रेत दिसते ते अंतर आटलेले असते आणि आपण त्याला गॅप पडला म्हणतो. शब्द असा उलटा बसला की उपायही उलटा सुचतो. गॅप आहे म्हटल्यावर तो कशाने तरी भरावा, हे ओघाने आलेच. शिवाय ही झीज जवळजवळ सगळ्यांना होते. अमेरिकेत १९८६ साली मानेची काहीही तक्रार नसलेल्या दोनशे लोकांचे एक्स-रे काढले, तेव्हा साठ-पासष्ट वयाच्या पुरुषांत ९५ टक्के आणि बायकांत ७० टक्के लोकांच्या मानेत झीज सापडली. चित्रावरून आजार ठरवायचा तर अख्ख्या पंचायत समितीला ऑपरेशन टेबलावर घ्यावे लागेल.

आजार दोन प्रकारचे, आणि या लेखात पुढे सगळे त्या फरकावर अवलंबून आहे. मणक्यातून बाहेर पडणारी एखादी नस दबली तर एका हातात कळ जाते, मुंग्या येतात. हे दुखणे भयंकर असते, पण बहुतेकदा आपोआप बसते. अमेरिकेतल्या रॉचेस्टर गावातल्या अशा ५६१ रुग्णांचा माग काढून १९९४ साली जो अभ्यास छापला गेला, त्यात साधारण चौथ्या हिश्श्याच्या लोकांना शस्त्रक्रिया लागली आणि अखेरच्या तपासणीत ९० टक्के लोकांना त्रास नव्हता किंवा नगण्य होता. दुसरा प्रकार नानाचा. त्यात खुद्द मज्जारज्जू दाबला जातो. दुखत फारसे नाही, म्हणून कोणी लक्ष देत नाही. हात अडाणी होतो, चाल बिघडते, आणि एकदा गेलेले पूर्ण परत येईल याची खात्री नसते. इस्राएलमधल्या एका पाहणीत हे निदान व्हायला सरासरी दोन वर्षांहून अधिक काळ लागल्याचे नोंदले आहे. आम्ही एका वर्षात पोहोचलो म्हणजे त्या मानाने नशीबवान.

आता गोठवणे आणि हलवणे. मानेच्या पुढच्या बाजूने जाऊन खराब चकती काढायची आणि त्या जागी कमरेच्या हाडाचा तुकडा बसवून दोन मणके एकजीव करायचे, ही शस्त्रक्रिया १९५०च्या दशकात रुळली. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये रॉबिन्सन आणि स्मिथ, होनोलुलूत क्लॉवर्ड, या मंडळींनी ती घडवली. पुढे कमरेच्या हाडाऐवजी पिंजरे आले, पट्ट्या आणि स्क्रू आले, पण कल्पना तीच राहिली. एका ठिकाणी मणके जोडले म्हणजे मान लाकडासारखी होते, हा समज मात्र चुकीचा आहे. मान डावी-उजवीकडे वळते त्यातले जवळपास निम्मे वळण अगदी वरच्या पहिल्या आणि दुसऱ्या मणक्यात होते. तिथे चकतीच नसते आणि या शस्त्रक्रियेत तिथे कोणी हात लावत नाही. खालचा एक सांधा गेला तर बहुतेक लोकांना रोजच्या व्यवहारात ते जाणवतही नाही. तीन-चार सांधे जोडले की वर-खाली पाहताना जाणवते. टेबलावरच्या प्लास्टिकच्या मानेत दोनच मणके होते. वरचे वळणारे मणके त्यात नव्हतेच.

मग हालचाल राखण्याची गरज कुठून निघाली? त्याचे मूळ १९९९ सालच्या एका निबंधात आहे. हिलीब्रँड आणि सहकाऱ्यांनी फ्यूजन झालेल्या ३७४ रुग्णांचा पाठपुरावा केला. दरवर्षी सुमारे २.९ टक्के रुग्णांना जोडलेल्या जागेच्या शेजारच्या मणक्यात नवा त्रास सुरू झाला, आणि दहा वर्षांत हे प्रमाण चौथ्या हिश्श्यापर्यंत जाईल असा अंदाज निघाला. पुढच्या प्रत्येक कंपनीच्या पत्रकात हा आकडा आहे. त्याचा अर्थ असा लावला गेला की एक सांधा गोठवला की त्याचा भार शेजाऱ्यावर पडतो आणि शेजारी खचतो. कल्पना पटण्यासारखी आहे. एका हमालाने सुट्टी घेतली की उरलेल्यांना जास्त पोती उचलावी लागतात, हे यार्डात कोणीही सांगेल.

पण त्याच निबंधात आणखी एक निष्कर्ष आहे, जो पत्रकांत सहसा सापडत नाही. ज्यांचे एकाहून अधिक सांधे जोडले होते, त्यांच्यात शेजारच्या मणक्याचा नवा आजार कमी आढळला. भार वाढल्यामुळे शेजारी खचत असेल, तर जास्त सांधे गोठवणाऱ्यांत तो जास्त खचायला हवा होता. लेखकांनी स्वतःच सुचवले की बराचसा भाग मूळच्या झिजेचा असावा. ज्या दोन जागा सर्वात आधी झिजतात त्या शस्त्रक्रियेत आल्याच नसतील, तर पुढे त्या कुरकुरणारच. म्हणजे ज्या निबंधाच्या खांद्यावर हा सगळा धंदा उभा राहिला, त्याच निबंधाने पहिली शंकाही नोंदवून ठेवली होती. पूर्ण निबंध वाचेपर्यंत मला हे ठाऊक नव्हते, कारण नुसत्या सारांशावर भागवण्याचा मोह मलाही झाला होता.

कृत्रिम चकतीचा इतिहास मात्र १९९९पेक्षा जुना आहे. स्वीडनमध्ये फर्नस्ट्रॉम यांनी १९६०च्या दशकात मणक्यांच्या मध्ये पोलादी गोळ्या बसवल्या. त्या हाडात रुतत गेल्या आणि प्रयोग मागे पडला. ब्रिस्टलला कमिन्स यांनी १९८९च्या सुमारास उखळी आणि गोळा असा पोलादी सांधा बनवला, त्यातून पुढची एक प्रसिद्ध चकती निघाली. सिएटलच्या ब्रायन यांची चकती २००० साली बेल्जियममध्ये रुग्णांना बसवायला सुरुवात झाली. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मानेच्या चकतीला पहिली मान्यता २००७ साली दिली आणि दोन जागी बसवायला २०१३ साली. मान्यतेसाठी झालेल्या चाचण्या मोठ्या होत्या, चिठ्ठ्या टाकून रुग्णांची वाटणी केलेली होती, आणि त्यांचे निकाल चकतीच्या बाजूचे आहेत. मोबी-सी या चकतीचे सात वर्षांचे आकडे घ्या. एका जागी बसवलेल्यांत पुन्हा शस्त्रक्रिया लागली ३ टक्क्यांना, फ्यूजनवाल्यांत सुमारे १२ टक्क्यांना. दोन जागी बसवलेल्यांत ४.४ विरुद्ध १६.२. हे आकडे मी हलके मानत नाही. इतर चाचण्या एकत्र करून पाहिल्या तरी दुसऱ्यांदा टेबलावर जाण्याचे प्रमाण चकतीत कमी दिसते.

तरीही दगड कोणी कोरला ते पाहायचे. या चाचण्या चकती बनवणाऱ्या कंपन्यांच्या खर्चाने झाल्या. शस्त्रक्रियेनंतर आपल्या मानेत काय बसले आहे हे रुग्णालाही माहीत होते आणि डॉक्टरलाही. आता, हात पुन्हा दुखू लागला तर पुन्हा कापायचे की नाही, हा निर्णय कोणी यंत्र घेत नाही. ते डॉक्टर आणि रुग्ण मिळून ठरवतात. नवी वस्तू मिळेल या आशेने चाचणीत आलेला आणि चिठ्ठीत जुनी शस्त्रक्रिया निघालेला माणूस पहिल्यापासून हिरमुसलेला असतो. शिवाय हाड जुळले नाही म्हणून करावी लागणारी दुसरी शस्त्रक्रिया फक्त फ्यूजनवाल्यांच्याच खात्यात पडू शकते.

युरोपात ही उणीव काढण्याचा प्रयत्न झाला. नॉर्वेतल्या १३६ रुग्णांच्या चाचणीत रुग्णांना काय बसवले ते सांगितले नव्हते. दोन वर्षांनी दोन्ही गट सारखेच बरे होते. स्वीडनमधल्या १५० च्या आसपास रुग्णांच्या चाचणीतही दोन वर्षांनी फरक सापडला नाही. सर्वात बोलकी मला नेदरलँड्समधल्या लायडनची २०१९ साली प्रसिद्ध झालेली चाचणी वाटते. त्यात तीन गट होते. एका गटात चकती बसवली, दुसऱ्यात पिंजरा बसवून फ्यूजन केले, आणि तिसऱ्यात खराब चकती काढून नस मोकळी केली आणि मध्ये काहीच बसवले नाही. तिन्ही गट दोन वर्षांनी सारखेच निघाले. दोन वर्षे हा काळ शेजारच्या मणक्याविषयी बोलायला अपुरा आहे, हा आक्षेप रास्त आहे. पण रुग्ण बरा होतो तो दाब निघाल्यामुळे, मोकळ्या जागेत काय ठेवले यामुळे नव्हे, एवढे तरी त्यावरून दिसते.

याला दुजोरा अनपेक्षित बाजूने मिळतो. चकती बसवली तरी तिच्याभोवती बऱ्याच जणांत हाड वाढते. काहींत ते इतके वाढते की चकतीला पूल बांधल्यासारखे दोन्ही मणके जोडले जातात आणि हालचाल संपते. याचे शून्य ते चार असे अंश ठरवलेले आहेत. म्हणजे हालचालीसाठी जास्त पैसे मोजलेल्या काही माणसांच्या माना काही वर्षांत आपोआप फ्यूज होतात. आणि या माणसांची तब्येत चकती हलत राहिलेल्यांपेक्षा वाईट असते का? बहुतेक पाहण्यांत तसे आढळत नाही. पत्रकांत ही गोष्ट ‘गुंतागुंत’ या सदरात एका ओळीत येते. माझ्या मते ती अग्रलेखात यायला हवी. हालचालीमुळे माणूस बरा राहतो असे म्हणायचे असेल, तर हालचाल गेलेले का बरे राहिले, याचे उत्तर द्यावे लागेल.

इथे मुंबईत नेमक्या उलट्या टोकाला उभ्या असलेल्या एका माणसाकडे वळायला हवे. के.ई.एम. रुग्णालय आणि शेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयात मेंदू-मणक्याच्या शस्त्रक्रियेचे प्रमुख राहिलेले अतुल गोयल. पहिला आणि दुसरा मणका स्क्रू-पट्टीने जोडण्याची त्यांची पद्धत १९९४ साली लाहेरी यांच्याबरोबर छापून आली आणि आज ती जगभर त्यांच्या नावाने ओळखली जाते. खानदेशातल्या किती माणसांनी के.ई.एम.च्या ओट्यावर रात्री काढल्या असतील याची मोजदाद नाही. चाळीसगावहून रात्रीची गाडी पकडली की सकाळी परळ. तर २०११ पासून गोयल असे मांडत आले आहेत की मानेच्या झिजेचे मूळ अस्थिरतेत आहे. मणक्यांच्या मागच्या बाजूचे छोटे सांधे सैल होतात, मणके एकमेकांवर घसरतात. चकती बाहेर येणे, काटे वाढणे, बंध जाड होणे हे त्याचे परिणाम, किंवा शरीराने स्वतःचा केलेला बचाव. म्हणून चकती काढू नका, हाड कापू नका, फक्त सांधे पक्के करा. दाब काढण्याचीसुद्धा गरज नाही.

या मांडणीचा धक्का नीट समजून घेण्यासारखा आहे. जिथे कंपन्या हालचालीला वरदान मानतात, तिथे गोयल हालचालीलाच रोग मानतात. त्यांचे म्हणणे खरे असेल तर हलती चकती बसवणे म्हणजे खिळखिळ्या बैलगाडीचे चाक घट्ट करण्याऐवजी त्यात वंगण घालणे. मला ही कल्पना विचार म्हणून फार मोलाची वाटते. आपल्याकडच्या रुग्णालयात आपल्याकडची गर्दी पाहून ती सुचली आहे. पण तिच्या बाजूने दिलेला पुरावा मुख्यतः त्यांच्याच रुग्णांच्या मालिकांचा आहे. चिठ्ठ्या टाकून, दुसऱ्या पद्धतीशी तुलना करून, वेगळ्या लोकांनी मोजून काढलेला नाही. लायडनच्या तिसऱ्या गटाने काहीच न बसवता बरे व्हावे, हेही तिच्याशी सहज जुळत नाही. कंपनीच्या चाचणीला जो न्याय मी लावला, तोच इथे लावायला हवा, मग माणूस आपल्या महाराष्ट्रातला असो. मोठ्या डॉक्टरच्या शब्दापुढे मान तुकवायची आपली सवय जुनी आहे.

पण माझी मुख्य तक्रार वेगळीच आहे. चकतीच्या चाचण्यांत नाना कुठे आहे? त्या चाचण्यांतले रुग्ण सरासरी पंचेचाळिशीच्या आसपासचे, एका किंवा फार तर दोन जागी आजार असलेले. तीन जागी झीज असलेले, हाडे ठिसूळ झालेले, मागचे सांधे खराब झालेले, मणक्यामागचा बंध हाडासारखा कडक झालेले, असे सगळे चाचणीतून वगळलेले होते. त्यात गैर काही नाही, नव्या वस्तूची परीक्षा अशीच सुरू होते. गैर आहे ते वगळलेल्या माणसापुढे त्या निकालाचे पत्रक ठेवणे.

आणि आमच्या भागातली मान तर अशीच असते. माथाडी हा शब्दच माथ्यावरून आला आहे. महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी कामगारांसाठी कायदा केला, देशातला आपल्या प्रकारचा पहिला, आणि त्यामागे अण्णासाहेब पाटील यांच्या संघटनेचे बळ होते. कायद्याने मजुरी, भविष्यनिर्वाह निधी, मंडळे दिली. मानेवर किती वजन यावे हा प्रश्न मागे राहिला. जागतिक कामगार संघटनेने १९६७ सालीच प्रौढ पुरुषाने हाताने उचलायच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलो सुचवली होती. नानाने उमेदीच्या काळात क्विंटलाची पोती वाहिली. पोते पन्नास किलोचे असावे ही हमाल संघटनांची मागणी हळूहळू मान्य होत गेली, तोवर त्याची मान जी व्हायची ती होऊन गेली होती. डोक्यावर ओझे वाहणाऱ्यांत मानेची झीज जास्त असते हे घानातल्या १९९४ सालच्या अभ्यासात आले आहे. रावेर-यावलकडचे केळीचे घड वाहणारे, जिनिंगमधले कापसाचे बोजे उचलणारे, यांच्या माना कोणी अशा मोजल्या तर चकतीच्या चाचणीत बसतील अशी माणसे त्यांत किती निघतील?

पैशाचा भागही टाळता येत नाही. सरकारने २०१७ साली हृदयातल्या स्टेंटच्या आणि गुडघ्याच्या सांध्याच्या किमतींना मर्यादा घातली. त्या आदेशांत मणक्याची इम्प्लांट्स नव्हती. २०२० पासून सगळी वैद्यकीय उपकरणे औषधांच्या कायद्याखाली आली, त्यामुळे छापील किंमत वर्षाला दहा टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही. मूळ किंमत किती ठेवायची हे मात्र कंपनीवर सोडलेले आहे. गरिबांसाठीची सरकारी योजना २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झाली, धुळे त्या आठात होते, जळगाव नंतर आले. आज ती महात्मा फुले यांच्या नावाने चालते आणि नानासारख्यांना तिचाच आधार आहे.

हलणाऱ्या सांध्यात एक धोका असतो जो गोठलेल्यात नसतो. जे हलते ते घासते. आपल्याकडे याचा धडा मानेत नाही, खुब्यात मिळाला. डीप्यू कंपनीचा धातूवर धातू घासणारा खुब्याचा सांधा २०१० साली जगभरातून परत मागवला गेला. धातूचा कीस रक्तात आणि स्नायूंत उतरत होता. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने पोलिसांत तक्रार केली, पुढे केंद्राने समिती नेमली. तिच्या अहवालानुसार भारतात अशा सुमारे ४,७०० शस्त्रक्रिया झाल्या होत्या आणि माग लागला तो जेमतेम हजारेक रुग्णांचा. बाकीचे कुठे आहेत, त्यांच्या शरीरात काय आहे हे त्यांना तरी माहीत आहे का, याची नोंदच नव्हती. मानेच्या चकत्यांतही घासण्याचा प्रश्न संपलेला नाही. एम६-सी नावाची, खऱ्या गादीसारखी दबते म्हणून गाजलेली चकती अमेरिकेत २०१९ साली मान्य झाली. नंतर काही रुग्णांत तिच्याभोवतीचे हाड विरघळल्याचे अहवाल आले, आणि २०२५ साली कंपनीने ती बंद करत असल्याचे जाहीर केले. कारण व्यवसायाचे दिले. ज्यांच्या मानेत ती बसली आहे त्यांनी नियमित तपासण्या करत राहायचे. अमेरिकेत हे जमेल. चाळीसगावच्या माणसाला पत्र कोणत्या पत्त्यावर येणार?

पंधराव्या दिवशी आम्ही दुसऱ्या, सरकारी रुग्णालयात गेलो. तिथल्या तरुण डॉक्टरने एमआरआय पाहून चकतीचा विषयच काढला नाही. मीच काढला. तो म्हणाला, काका, यांचा मज्जारज्जू तीन जागी दबला आहे, मागचे सांधे झिजले आहेत, यांना चकती चालणार नाही. पाठीमागून दाब काढू आणि मणके पक्के करू. मग त्याने नानाला समजावले की वर बघायला त्रास होईल, मान पूर्वीसारखी वळणार नाही. नाना टेबलावर हात पसरून बसला होता. म्हणाला, “मान नही हालनी तरी चाली, पन हात हालाले जोयजे.” डॉक्टर विदर्भातला होता, त्याला अहिराणी कळली नाही. मी सांगितल्यावर हसला आणि म्हणाला, तेवढ्यासाठीच करतो आहोत.

शस्त्रक्रिया योजनेतून झाली, जमीन राहिली. उजवा हात बराच सुधारला. डाव्या हाताची करंगळी आणि शेजारचे बोट अजून सुन्न आहे. चाल सावरली, पण अंधारात तो भिंतीला धरूनच चालतो. विमान गेले की पूर्वी मान वर करून पाहायचा, आता खाटेवर उताणा पडून पाहतो. मोटारसायकल बंद झाली, कारण मागून येणारा ट्रक पाहायला पूर्ण कंबर वळवावी लागते. त्याची त्याला खंत आहे, आणि ती नाही असे मी इथे लिहिले तर ते खोटे होईल. हालचाल ही फुकाची वस्तू नाही. प्रश्न तिच्या बदल्यात काय मिळते, आणि ते कोणाला मिळते, याचा आहे.

तो प्रश्न आमच्या घरात पुन्हा आला आहे. नानाचा मुलगा, जो जमीन विकायला निघाला होता, चौतीस वर्षांचा. आषाढात त्याच्या डाव्या हातात कळ सुरू झाली. एमआरआयमध्ये एकाच जागी, पाचव्या-सहाव्या मणक्यामधली चकती बाहेर आलेली. हाडे चांगली, मागचे सांधे चांगले, मज्जारज्जू मोकळा. चाचण्यांमधला रुग्ण असतो तो असा असतो. मी त्याला आधी थांबायला सांगितले, रॉचेस्टरचे आकडे समजावले, हातातली ताकद कमी झाली किंवा चाल बिघडली तर मात्र एक दिवस थांबायचे नाही असेही बजावले. तीन महिने होत आले. कळ निम्म्यावर आली आहे, पूर्ण गेलेली नाही. परवा त्याने विचारले, “काका, शेवटी करायचीच वेळ आली तर चकती की फ्यूजन?”

वर जे लिहिले ते वाचून वाचकांना वाटेल मी फ्यूजन म्हणालो असेन. नाही म्हणालो. त्याच्या वयाला, एका जागेला, अशा मानेला चकती हा वाजवी पर्याय आहे. पुन्हा शस्त्रक्रिया टळण्याच्या आकड्यांत काही तथ्य आहे असे मला वाटते, आणि त्याच्यापुढे अजून तीस-चाळीस वर्षांची मजुरी आहे. पण चकतीमुळे हात जास्त बरा होईल, या समजुतीवर त्याने पैसे घालू नयेत. तेवढे फ्यूजनही करते आणि कदाचित दोन्हींवाचूनही होईल. कर्ज काढून तर मुळीच करू नये. आणि कोणतीही वस्तू मानेत बसली, तर तिच्या खोक्यावरचे चिकटपट्टीचे लेबल, ज्यावर कंपनीचे नाव आणि क्रमांक असतो, ते मागून घ्यावे.

नानाच्या स्क्रूंची लेबले आम्ही मागितली तेव्हा डिस्चार्ज कार्डाच्या मागे चिकटवून मिळाली. ते कार्ड आता रेशनकार्डाच्या पिशवीत आहे. त्याची झेरॉक्स मी दुकानात ठेवली आहे.